अर्धा किलो धणे

तिकिटं मुलानं काढली होती. तिसरी रांग, मधल्या खुर्च्या.
"आईनं वाचलेली गोष्ट आहे, गाण्यांसकट आलीय," म्हणाला.
वाचलेली म्हणजे कशी, ते त्याला ठाऊक नाही.

लक्ष्मीपुरीत सासऱ्यांचं किराणा दुकान.
रद्दीतून साप्ताहिकं यायची, किलोवर,
आणि विजयमाला शाळा सुटली की
साखरेच्या पोत्यावर बसून
पुडी बांधायच्या आधी कागद वाचायची.
कादंबरी क्रमशः होती, रद्दी क्रमशः नव्हती.
सातवा भाग आधी, मग दुसरा,
चौथ्यावर हळदीचे ठसे,
नायक पत्र लिहितो ती ओळ गुळाला चिकटून गेलेली.
शेवटचा भाग हातात आला तेव्हा
वडिलांनी तो ओढून घेतला.
कागलचा एक माणूस खोळंबला होता,
अर्धा किलो धणे.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात
गच्चीवर तिनं मला सगळी गोष्ट सांगितली.
शेवटी ती दोघं मिरजेच्या फलाटावर भेटतात,
तो टोपी गाडीतच विसरतो, ती हसते.
मी उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस.
मला पटलं.
फलाट पटला, टोपी जास्त पटली.

पडदा उघडला.
आधी धूर आला, यंत्रातला, गोडसर वासाचा,
पहिल्या रांगेतले लोक खोकले.
नायिकेला क्षय होता, ती सूर लावून खोकायची.
नायक देखणा, कोट मात्र दुसऱ्या कुणाचा तरी, खांद्यात सैल.
त्यानं पत्र लिहायला घेतलं
तर बारा जण नाचत आले, हातात बारा लिफाफे.
एका पत्राला एवढं टपालखातं कशाला, मला कळेना.
ती "मी येते हं" म्हणाली
आणि जायला तिला पाच कडवी लागली.
आमच्याकडं बायका "येतो" म्हणतात, आणि जातात.

मी रंगमंचापेक्षा शेजारी जास्त बघत होतो.
विजयमालाचे ओठ हलत होते.
गाण्यांवर नाही, गाणी तर नवीनच होती,
त्यांच्या खाली कुठंतरी
पुड्यांवरच्या ओळी चालल्या होत्या.

मध्यंतरात वडा. तिनं चटणी दुसऱ्यांदा मागितली.
"अजून बरोबर चाललंय," म्हणाली,
आमच्या कारखान्यात माल तपासायला यायचे
त्या साहेबासारखी.

दुसऱ्या अंकात मिरज आलीच नाही.
पलंग आला, चाकांवरचा.
एक चाक करकरत होतं, तेल नव्हतं घातलेलं,
मला ते शेवटपर्यंत ऐकू आलं.
त्या पलंगावर नायिका गात गात गेली.
आठ मिनिटं. मी घड्याळ बघितलं.
आणि सगळं थेटर नाक पुसायला लागलं,
पलीकडच्या बाईंनी पदर काढला,
त्यांच्या मालकांनी चष्मा.
सांगायला लाज वाटते, आवंढा मलाही आला.
विजयमाला ताठ.
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात,
कुणी ओढून घेईल अशी.

गाडी खासबागेच्या भिंतीला लावलेली.
किक बसेना.
"त्या कागलच्या माणसाला," ती म्हणाली,
"पंचेचाळीस वर्षं म्हाईत हुतं हे."
मी म्हटलं, त्यानं कशाला वाचलंय,
धणे डब्यात, कागद चुलीत.
"व्हय," म्हणाली. "तसंच झालं असंल."

मग गाडी सुरू झाली.
बिंदू चौकापर्यंत काही नाही.
मग पाठीमागून, वाऱ्यात अर्धं उडालेलं,
"मी रडलो न्हाई."
बघितलं मी, म्हटलं.
"टोपी असती तर रडलो असतो."